तांब्याच्या पत्र्यावरचे रोम: प्राचीन भग्नावशेषांच्या एचिंग-चित्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अठराव्या शतकात युरोपात, विशेषतः रोममध्ये, पडक्या देवळांची, कमानींची आणि थडग्यांची हजारो एचिंग-चित्रे छापली गेली. ही चित्रे पाहणाऱ्यांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांच्या केंद्रस्थानी मुख्यतः जोव्हानी बातिस्ता पिरानेसी हा चित्रकार आहे, कारण या प्रकाराची ताकद आणि त्यातले धोके त्याच्या कामात सर्वांत स्पष्ट दिसतात.

एचिंग म्हणजे नेमके काय?

एचिंग म्हणजे आम्लाच्या साहाय्याने धातूत रेषा खोदून केलेले छापचित्र. तांब्याचा गुळगुळीत पत्रा, म्हणजे प्लेट, आधी मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाच्या पातळ थराने झाकतात. हा थर मेणबत्तीच्या काजळीने काळा केला की त्यावर ओढलेली प्रत्येक रेषा तांब्याच्या लालसर चमकेने उठून दिसते. कलाकार टोकदार सुईने तो थर खरवडत चित्र काढतो; तांबे खरवडायचे नसते, फक्त उघडे करायचे असते. मग प्लेट आम्लात ठेवतात आणि उघड्या पडलेल्या रेषा आम्ल खात जाते. त्या वेळी रेषांवर बारीक बुडबुडे जमतात आणि ते तसेच राहिले तर रेषा असमान खोदली जाते, म्हणून कारागीर पिसाने ते हळुवार दूर करत राहतो.

यानंतरची पायरी महत्त्वाची आहे. दूरच्या टेकड्या आणि आकाश यांच्या रेषा पुरेशा खोल झाल्या की प्लेट बाहेर काढून तेवढ्या भागावर वॉर्निश लावतात आणि उरलेला भाग पुन्हा आम्लात सोडतात. असे अनेकदा केले की पुढच्या दगडांच्या रेषा खोल आणि जाड होतात, तर मागच्या केसासारख्या बारीक राहतात. चित्रातले अंतर अशा रीतीने आम्लातल्या वेळेवर ठरते. शेवटी थर पुसून प्लेटवर शाई भरतात, वरची शाई जाळीदार कापडाने आणि तळहाताने पुसून काढतात, ओलसर कागद ठेवतात आणि दोन रुळांच्या दाबयंत्रातून प्लेट फिरवतात. रेषांच्या खाचांत उरलेली शाई कागद ओढून घेतो. छापलेले चित्र प्लेटच्या उलट येते, त्यामुळे ओळखीची इमारत कागदावर सुलटी दिसावी म्हणून कलाकाराला ती प्लेटवर उलटी काढावी लागते.

एचिंग आणि कोरीव छापचित्र यांत फरक कसा ओळखावा?

भिंग घेऊन रेषेचे टोक पाहावे. ब्युरिन या छिन्नीसारख्या हत्याराने थेट धातूत कोरलेली रेषा हळूहळू फुगते आणि शेवटी निमुळती होत संपते. आम्लाने खाल्लेल्या रेषेचे टोक बोथट, गोलसर असते आणि तिच्या वळणात हाताने कागदावर काढलेल्या रेखाटनाचा मोकळेपणा असतो. प्रत्यक्षात बहुतेक कलाकार दोन्ही पद्धती एकत्र वापरत. पिरानेसी तर आम्लाचे काम संपल्यावर सावल्या अधिक गडद करण्यासाठी ब्युरिन बिनदिक्कत हाती घेत असे.

अठराव्या शतकातच भग्नावशेषांची एवढी ओढ का निर्माण झाली?

अनेक कारणे एकाच वेळी जुळून आली. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये आणि पोंपेईचे १७४८ मध्ये सुरू झाले, आणि प्राचीन जग ही केवळ ग्रंथांतली गोष्ट राहिली नाही. रॉबर्ट वुड यांचे सीरियातल्या पाल्मिरा या प्राचीन शहराच्या अवशेषांवरील मोजमापांसह केलेले पुस्तक १७५३ मध्ये आले, ज्युलियां-दाव्हिद ल रुआ यांचे ग्रीसवरील पुस्तक १७५८ मध्ये, आणि स्टुअर्ट व रेव्हेट यांच्या अथेन्सवरील ग्रंथाचा पहिला खंड १७६२ मध्ये. जुन्या इमारतींचे खांब, पाये आणि शिरोभाग फूटपट्टीने मोजून, त्या नियमांवर नवी वास्तुकला उभी करावी, हा नव-अभिजातवादाचा आग्रह होता. त्यासाठी अवशेषांची चित्रे हा आवश्यक कच्चा माल होता.

दुसरे कारण व्यापाराचे. श्रीमंत घरांतले तरुण, विशेषतः ब्रिटिश, शिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणून इटलीचा लांब प्रवास करत. संगमरवरी पुतळा किंवा तैलचित्र घरी नेणे महाग आणि अवघड होते. छापचित्र मात्र गुंडाळून पेटीत ठेवता येई. पिरानेसीच्या रोमदृश्यांच्या एका छापाची किंमत दोन ते अडीच पाओली होती, आणि दहा पाओली मिळून एक स्कुदो होत असे; ही दोन्ही त्या काळची रोममधली नाणी. याचा अर्थ, एका स्कुदोत रोमची चार ते पाच दृश्ये घरी नेता येत. या चित्रांमुळे लंडन, पॅरिस आणि ड्रेस्डेनमधल्या असंख्य माणसांनी रोम न पाहताच रोमची ठाम कल्पना करून घेतली.

पिरानेसी कोण होता?

जोव्हानी बातिस्ता पिरानेसी याचा जन्म १७२० मध्ये व्हेनिसच्या प्रदेशात झाला. वडील दगडकाम करणारे कारागीर होते आणि मामा व्हेनिसच्या जलव्यवस्थेच्या कामावरचे स्थापत्यतज्ज्ञ होते. दगड कसा रचतात, कसा तुटतो आणि पाणी त्याचे काय करते, हे त्याने लहानपणीच पाहिले असणार. भावाकडून तो लॅटिन आणि रोमचा इतिहास शिकला. १७४० मध्ये व्हेनिसच्या राजदूताच्या लवाजम्यात तो रोमला पोहोचला आणि तेथे जुझेप्पे व्हासी या रोमदृश्यकाराकडे एचिंग शिकला. तू खोदकाम करणारा होण्यापेक्षा चित्रकार अधिक आहेस, असे व्हासीने त्याला सुनावल्याची गोष्ट सांगितली जाते. ती शब्दशः खरी असो वा नसो, त्याच्या प्लेटांतला सावलीचा लोभ पाहिला की ती पटते.

'वेदूते दि रोमा', म्हणजे रोमची दृश्ये, ही मोठ्या आकाराची मालिका त्याने १७४८ च्या सुमारास सुरू केली आणि १७७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालू ठेवली. तिच्यात त्याच्या हातच्या १३५ प्लेट आहेत. १७५६ मध्ये त्याने रोमच्या प्राचीन वास्तूंवर चार खंड काढले. त्यांत २५० हून अधिक प्लेट होत्या. एवढा अफाट कामाचा उरक असलेल्या या माणसाने स्वतःला आयुष्यभर वास्तुविशारद म्हणवून घेतले, पण रोमच्या आव्हेंतीन टेकडीवरचे सांता मारिया देल प्रिओरातो हे चर्च, जे त्याने १७६४ ते १७६६ मध्ये नव्याने घडवले, हेच त्याचे एकमेव उभे राहिलेले मोठे बांधकाम. त्याची समाधीही त्याच चर्चमध्ये आहे.

या चित्रांत देवळे आणि कमानी अर्ध्या जमिनीत गाडलेल्या का दिसतात?

कारण त्या खरोखरच तशा होत्या. हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे योग्य ठरेल.

रोमचा प्राचीन चौक, फोरम, टेकड्यांच्या मधल्या सखल भागात आहे. टायबर नदीच्या पुरांचा गाळ, कोसळलेल्या इमारतींचा राडारोडा आणि टेकड्यांवरून वाहून आलेली माती शतकानुशतके तेथे साचत गेली आणि जमिनीची पातळी कित्येक मीटर वर आली. अठराव्या शतकात या जागेला लोक 'काम्पो व्हाच्चिनो', म्हणजे गुरांचे रान, म्हणत. तेथे गुरांचा बाजार भरे, मधोमध एका मोठ्या ग्रॅनाइटच्या कुंडात जनावरे पाणी पीत, आणि बैलगाड्या जात-येत. ते कुंड पुढे क्विरिनाल टेकडीवरच्या कारंज्याकडे हलवले गेले आणि आजही तेथेच आहे.

पिरानेसीने 'गर्जणाऱ्या जुपिटरचे देऊळ' म्हणून ज्याचे चित्र काढले, ते आज आपण सम्राट व्हेस्पासियनचे देऊळ म्हणून ओळखतो. त्याचे तीन खांब आज उंच, सडपातळ आणि एकाकी उभे दिसतात. पिरानेसीच्या चित्रात मात्र त्यांचा वरचा भाग तेवढा मातीबाहेर आहे. कॉरिंथियन शैलीच्या शिरोभागांची नक्षीदार पाने आणि त्यावरच्या पट्टीवरील कोरीवकाम पाहणाऱ्याच्या जवळ येते, इतके की ज्या दगडांकडे मूळ भक्तांना मान उंचावून पाहावे लागे, त्यांच्यासमोर गुराखी सहज उभे आहेत. चित्राचे सगळे वजन यामुळे बदलते. फोरमवरची माती नेपोलियनच्या काळात फ्रेंचांनी काढायला घेतली तेव्हा हे खांब मुळापर्यंत मोकळे झाले. त्याआधी १८०३ मध्ये पोप सातवे पायस यांच्या कारकिर्दीत सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीभोवतीची माती खणून काढली गेली होती. फोकासच्या स्तंभाच्या पायथ्याचा शिलालेख १८१३ मध्ये उघडा पडला, तोवर तो स्तंभ कोणाचा हेच माहीत नव्हते.

फोरममध्ये आजही एक जागा अशी आहे जेथे जुनी जमीन डोळ्यांना दिसते. अँटोनिनस आणि फॉस्टिना यांच्या देवळात पुढे चर्च झाले. त्या चर्चचा दरवाजा आज पायऱ्यांच्या कितीतरी वर, हवेत टांगल्यासारखा दिसतो. दरवाजा बसवला तेव्हा लोक साचलेल्या मातीवरून सरळ आत जात असत. या एका दरवाज्यासमोर उभे राहून मग पिरानेसीची चित्रे पाहिली, तर त्यांतली गाडलेली कमान ही चित्रकाराची लहर नव्हे, हे पटकन ध्यानात येते.

मग ही चित्रे पुरावा म्हणून धरावीत का? पिरानेसी अतिशयोक्ती करत नसे का?

करत असे, आणि बरीच करत असे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, म्हणून प्रत्येक चित्राची उलटतपासणी करूनच त्याची साक्ष घ्यावी लागते.

आधी त्याच्या बाजूने. टायटसची कमान मध्ययुगात एका तटबंदीचा भाग बनली होती. तिचे दोन्ही बाजूंचे मूळ दगड नाहीसे झाले होते आणि ती इतर भिंतींत अडकून राहिली होती. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात स्टर्न आणि व्हालादिए यांनी ती सोडवून दुरुस्त केली, आणि नवा भाग जुन्यापासून वेगळा ओळखता यावा म्हणून संगमरवराऐवजी ट्राव्हरटाइन दगड वापरला. दुरुस्तीपूर्वी कमान कशी होती हे समजण्यासाठी पिरानेसीसारख्यांची चित्रे फार उपयोगी पडतात. ऑक्टेव्हियाच्या पोर्टिकोत, म्हणजे खांबांच्या ओसरीत, भरणारा मासळीबाजार किंवा मार्सेलसच्या नाट्यगृहाच्या कमानींत थाटलेली दुकाने यांच्याबाबतही तसेच आहे. आज साफसफाई होऊन वेगळ्या काढलेल्या अवशेषांभोवती एकेकाळी किती दाट लोकवस्ती होती, हे या प्लेटांतून कळते.

आता विरुद्ध बाजू. रोमच्या प्राचीन वास्तूंवरील खंडांत त्याने सम्राट हेड्रियनच्या समाधीच्या पायाची, म्हणजे आजच्या कास्तेल सांत'आंजेलोच्या पायाची, जी प्लेट दिली आहे, तीत पायाचे आधारदगड डोंगराएवढे प्रचंड आहेत आणि त्यांच्याजवळची माणसे मुंग्यांसारखी. तसा पाया तेथे कधीच नव्हता. रोमन बांधकामाच्या ताकदीविषयी त्याला जे म्हणायचे होते, ते त्याने तेथे दगडांच्या आकारातून म्हटले आहे. जर्मन कवी गटे १७८६ मध्ये रोमला पोहोचला. काराकाल्लाची स्नानगृहे प्रत्यक्ष पाहिल्यावर, पिरानेसीच्या चित्रांनी मनात ज्या अपेक्षा निर्माण केल्या होत्या त्यांच्यापुढे वास्तू कमी पडल्याची नोंद त्याने केली.

ही अतिशयोक्ती तो कशी साधतो, हे एकदा कळले की ती पकडता येते. तो पाहणाऱ्याची जागा अगदी खाली, जमिनीलगत ठेवतो, त्यामुळे इमारत अंगावर येते. अनेकदा ती समोरून न दाखवता तिरक्या कोनातून दाखवतो, जेणेकरून एक कोपरा पुढे झेपावतो आणि बाकीची भिंत लांब धावत जाते. हे तंत्र व्हेनिसच्या रंगभूमीवरच्या पडद्यांतून आलेले आहे. आणि माणसे वास्तवाहून लहान काढतो. त्यामुळे चित्र पाहताना दगडांचे प्रमाण माणसांवरून ठरवू नये; वास्तूची ज्ञात मापे असतील तर तीच घ्यावीत. दगडांची जडणघडण, विटांची मांडणी आणि भेगांची दिशा या बाबतींत मात्र मला तो फारच विश्वासार्ह वाटतो. दगडकाम करणाऱ्याच्या घरचा हा माणूस भिंतीचा आकार ताणेल, पण चुन्याचा थर चुकीच्या जागी दाखवणार नाही.

चित्रांतली हातवारे करणारी, फाटक्या कपड्यांची माणसे कोण आहेत?

निसर्गदृश्यात प्रमाण आणि जिवंतपणा यावा म्हणून माणसे घालण्याची प्रथा जुनी आहे. व्हेनिसची दृश्ये रंगवणाऱ्या कॅनालेत्तोसारखे कलाकार तेथे व्यापारी, बायका, होडीवाले अशी रोजची माणसे घालतात. पिरानेसीची माणसे वेगळी आहेत: कुबड्यांवर टेकलेली, काटकुळी, चिंध्या पांघरलेली, आणि सतत कशाकडे तरी बोट दाखवणारी. भिकारी, गुराखी आणि चुन्याच्या भट्टीवर काम करणारे मजूर रोममध्ये होतेच. शिवाय जुन्या इमारतींचा संगमरवर जाळून चुना करण्याची प्रथा शतकानुशतके चालली होती. त्यामुळे ज्या दगडांकडे ती बोट दाखवतात, ते त्यांच्यासाठी केवळ प्रेक्षणीय नव्हते. या बोटांमागून नजर नेली तर ती बहुतेक वेळा चित्रातल्या नेमक्या त्या तपशिलावर पोहोचते जो कलाकाराला दाखवायचा आहे.

चित्राच्या खाली छापलेली अक्षरे आणि आकडे कशासाठी?

ती सूची आहे. वास्तूच्या वेगवेगळ्या भागांवर लहान अक्षरे किंवा आकडे कोरलेले असतात आणि खालच्या पट्टीत त्यांचे इटालियनमध्ये स्पष्टीकरण असते: हा प्राचीन भाग, ही नंतरची भिंत, हे अमुक चर्च, हा जमिनीखाली गेलेला पायऱ्यांचा भाग. पिरानेसीच्या कित्येक प्लेटांत ही सूची दगडाच्या तुटलेल्या पाटीवर किंवा गुंडाळी उलगडलेल्या कागदावर लिहिलेली दिसते आणि ती पाटी चित्रातल्या इतर दगडांतच पडलेली असते. ज्ञान आणि दृश्य एकाच पृष्ठभागावर ठेवण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. खालची सूची न वाचता जो केवळ भव्यता पाहून पान उलटतो, त्याने चित्र अर्धेच पाहिलेले असते.

ग्रीस श्रेष्ठ की रोम, हा वाद काय होता?

१७५५ मध्ये रोमला आलेला जर्मन विद्वान विंकेलमान आणि ल रुआ यांच्यासारखे लेखक म्हणत होते की खरी कला ग्रीकांची, रोमनांनी तिची नक्कल केली. पिरानेसीला हे अजिबात मान्य नव्हते. १७६१ मध्ये रोमनांच्या वास्तुवैभवावर ग्रंथ काढून त्याने असा प्रतिवाद केला की रोमनांनी आपली बांधकामाची विद्या ग्रीकांकडून नव्हे, तर इटलीतल्या एट्रस्कन लोकांकडून घेतली, आणि पाण्याचे नळमार्ग, गटारे, रस्ते यांतले त्यांचे सामर्थ्य कोणाहूनही कमी नाही. इतिहासाच्या कसोटीवर त्याच्या सर्व दाव्यांचा निभाव लागला नाही. तरीही रोमच्या मोठ्या गटाराचा, क्लोआका माक्सिमाचा, एकेक दगड ज्या श्रद्धेने त्याने काढला, ती श्रद्धा आजच्या स्थापत्य अभियंत्यालाही ओळखीची वाटेल.

आयुष्याच्या शेवटी १७७७ मध्ये तो दक्षिण इटलीतल्या पेस्टमला गेला आणि तेथल्या तीन ग्रीक डोरिक देवळांसमोर बसला. जाड, पोटात फुगलेले खांब, त्यांच्या मधून दिसणारी दलदल, आणि सावलीत बसलेली गुरे. त्या देवळांची चित्रे त्याने तितक्याच तन्मयतेने काढली. प्लेटा पूर्ण होण्याआधीच नोव्हेंबर १७७८ मध्ये तो वारला आणि ते काम त्याच्या मुलाने, फ्रांचेस्कोने, पुरे केले. या मालिकेची १५ रेखाटने लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात आहेत.

लॉर्ड शार्लमाँट यांचे प्रकरण काय आहे?

१७५६ च्या चार खंडांसाठी आयरिश सरदार लॉर्ड शार्लमाँट यांनी अर्थसाहाय्याचे आश्वासन दिले होते आणि ग्रंथ त्यांनाच अर्पण केलेला होता. पैसे आले नाहीत. पिरानेसीने आपली बाजू मांडणारी पत्रे १७५७ मध्ये छापून प्रसिद्ध केली आणि अर्पणाच्या प्लेटांवरून शार्लमाँट यांचे नाव घासून काढले. तांब्यावर हे सहज होते: जुनी रेषा घासून, पत्रा सपाट करून तेथे नवे कोरता येते. अर्पणपत्रिका रोमन शिलालेखासारखी काढलेली असल्याने, अप्रिय झालेल्या सम्राटाचे नाव दगडावरून खोडावे तसे ते दिसते.

एकाच प्लेटचे छाप एकमेकांपासून इतके वेगळे का असतात?

तांबे मऊ असते. प्रत्येक छापागणिक रेषांच्या कडा थोड्या झिजतात, आणि सर्वांत आधी आकाश व दूरचे डोंगर फिके होत जातात. कलाकार मध्ये मध्ये प्लेटवर नवे काम करतो, मजकूर किंवा किंमत बदलतो. अशा प्रत्येक टप्प्याला त्या प्लेटची एक 'अवस्था' म्हणतात. 'कार्चेरी', म्हणजे काल्पनिक तुरुंग, या मालिकेत हा फरक टोकाचा आहे. पहिल्या आवृत्तीत मोकळ्या, चपळ रेषांच्या १४ प्लेट होत्या. १७६१ मध्ये त्याने त्याच प्लेटांवर नवे पूल, जिने आणि गडद सावल्या चढवल्या आणि दोन प्लेट वाढवून १६ केल्या.

पिरानेसीच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांनी १७९९ मध्ये प्लेटा पॅरिसला नेल्या आणि तेथे त्या पुन्हा छापल्या गेल्या. पुढे फिर्मँ-दिदो या प्रकाशनसंस्थेकडून १८३९ मध्ये पोपच्या सरकारने त्या विकत घेतल्या. हजाराच्या आसपासच्या या प्लेटा आज रोमच्या केंद्रीय ग्राफिक संस्थेत आहेत.

माझ्याकडे जुने रोमदृश्य आहे. ते मूळ छाप आहे हे कसे समजावे?

कडेला प्लेटच्या दाबाने उमटलेला आयताकृती खोलगट ठसा बोटाला लागतो का ते पाहावे. रेषांवर हलकेच बोट फिरवल्यास शाई किंचित उंचावलेली जाणवते. भिंगाखाली सूक्ष्म ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते आधुनिक छपाईचे पुनर्मुद्रण आहे. कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह शोधावे. चित्राच्या तळाशी असलेला पत्ता आणि किंमत यांवरून अवस्था कळू शकते, तर पॅरिसमधल्या छापांवर बहुधा वरच्या कोपऱ्यात क्रमांक घातलेला असतो. एवढे पाहिल्यावरही मूल्य ठरवण्यासाठी छापचित्रांच्या जाणकाराला प्रत्यक्ष दाखवावेच लागते, कारण मुलांच्या काळातले छापसुद्धा तांत्रिकदृष्ट्या मूळ प्लेटवरूनच निघालेले असतात.

या सर्व चित्रांत निसर्ग कोठे आहे? पिरानेसी तर फक्त दगडच काढतो.

तक्रार अगदीच चुकीची नाही. पिरानेसीकडे झाडेझुडपे असतात ती दगड फोडणारी, भेगांतून उगवणारी, कमानीच्या माथ्यावरून केसांसारखी लोंबणारी. भग्नावशेष आणि शांत निसर्ग यांची जोडी पाहायची असेल तर मागे क्लोद लोर्रें याच्याकडे जावे, ज्याने १६३६ मध्येच काम्पो व्हाच्चिनोचे एचिंग केले होते, आणि पुढे राइनहार्ट, डीस आणि मेखाऊ या तीन जर्मन कलाकारांकडे. या तिघांनी इटलीच्या ७२ एचिंग-दृश्यांची मालिका केली आणि न्यूरेंबर्गच्या फ्राउएनहोल्त्सने ती १७९२ ते १७९८ या काळात प्रकाशित केली. तिच्यात ओकची झाडे, ओढे आणि खडक यांना देवळांइतकाच मान आहे. पानांच्या झुबक्यांसाठी वापरलेली आखूड, गोलाकार रेषा स्पष्ट आणि संयत आहे. उन्हात तापलेल्या दुपारी अवशेषांजवळ कोणी शांत बसले असावे, असा भाव त्यांत आहे. नव-अभिजातवादी निसर्गदृश्य हा शब्द काटेकोरपणे वापरायचा, तर तो या प्लेटांना अधिक शोभतो. पिरानेसीची मापे आणि विषय नव-अभिजात आहेत, स्वभाव मात्र त्या चौकटीत मावत नाही.

भारतातल्या, विशेषतः महाराष्ट्रातल्या, प्राचीन वास्तूंची अशी चित्रे आहेत का?

आहेत, आणि त्यांची कथा पुण्याशी जोडलेली आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईला आला. पुण्यातले ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या ओळखीने त्याने सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढली, आणि पश्चिम भारतातल्या लेण्यांची रेखाटने करण्याचे काम हाती घेतले. १७९५ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल यांनी १८०३ मध्ये २४ प्लेटांचा संच प्रसिद्ध केला. तो अॅक्वाटिंट पद्धतीचा आहे. तीत राळेची बारीक पूड तापवून प्लेटवर चिकटवतात आणि कणांमधल्या जागा आम्ल खाते, त्यामुळे रेषांऐवजी पाण्याच्या रंगासारख्या सलग छटा मिळतात. थॉमस आणि त्यांचा पुतण्या विल्यम यांनी भारतभरच्या वास्तूंचे आणि निसर्गाचे जे संच काढले, त्यांत घारापुरीचीही चित्रे आहेत.

या कामात एक मराठी हात होता, आणि त्याचे नाव आवर्जून सांगितले पाहिजे: गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. पुण्याच्या या चित्रकाराने मॅलेट आणि वेल्स यांच्यासाठी वेरूळची रेखाटने केली. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे त्याचे चित्रही प्रसिद्ध आहे. त्याची बरीच रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. आडनावाप्रमाणे त्याचे घराणे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांचे. लेण्यातला खांब काढताना त्याची रेषा नेमकी, न डगमगणारी आहे; सावलीचा नाट्यमय खेळ तो करत नाही, पण खांबाचे पैलू, घडे आणि कणी मोजून घ्यावेत इतके स्पष्ट देतो.

ही चित्रे घरबसल्या कोठे पाहता येतील?

न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि अॅम्स्टरडॅमचे राइक्सम्यूझियम यांनी आपल्या संग्रहांतली चित्रे मोठ्या आकारात विनामूल्य उपलब्ध केली आहेत. टोकियो विद्यापीठाने पिरानेसीच्या समग्र चित्रांच्या फिर्मँ-दिदो आवृत्तीचे डिजिटल रूप केले आहे. पडद्यावर पाहताना सुरुवातीलाच सगळे चित्र मोठे करू नये. आधी पूर्ण प्लेट पाहावी, मग खालची सूची वाचावी, आणि शेवटी एखाद्या तुटलेल्या दगडाच्या कडेवर शक्य तितके जवळ जावे. तेथे जाड रेषेच्या शेजारी बारीक रेषा आणि तिच्या शेजारी कोरा कागद असे दिसेल. त्या तीन गोष्टींतूनच दगडाचा उन्हातला आणि सावलीतला भाग तयार झालेला असतो.